गिरणीच्या भिंतीजवळची मापं

आम्ही ज्यांचं माप घ्यायचो ती माणसं नाहीशी व्हायची. हे आधी माझ्या लक्षात आलं नाही, विद्यार्थ्यांच्या लक्षात आलं. आणि मला सांगायला त्यांनी तीन आठवडे लावले, कारण मी चिडते हे सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे.

मी सोलापुरात एका मेडिकल कॉलेजात शिकवते. माझा विषय असा, की त्याच्या तासाला मुलं मागच्या बाकावर निवांत झोपतात. सर्जन व्हायला निघालेल्यांना पिण्याचं पाणी, लसीकरण, वस्तीतले आजार यांत काय रस असणार? पण पहिल्या वर्षापासूनच मुलांना लोकांमध्ये न्यायचं, असं अभ्यासक्रमात आलं, तेव्हा मी ठरवलं की खेड्यातल्या घराघरांत सगळेच नेतात, आपण ज्यांना घरच नाही त्यांच्याकडे न्यायचं. भवानी पेठेच्या अलीकडे एका बंद पडलेल्या गिरणीची लांबलचक दगडी भिंत आहे. तिच्या कडेला दहा-बारा माणसं राहायची. दर गुरुवारी सकाळी सातला आम्ही तिथे जायचं, असं ठरलं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना औषध देता येत नाही, सुईला हात लावता येत नाही. मग करायचं काय? मी त्यांना दोन कामं दिली. एक, उंची, वजन आणि दंडाचा घेर मोजून कागदावर लिहायचा. दुसरं, पाय धुऊन नखं कापायची. दुसरं काम ऐकून निम्म्या वर्गानं नाक मुरडलं. मी म्हटलं, ज्यांना माणसाच्या पायाची किळस येते त्यांनी खुशाल कॉम्प्युटरकडे जावं, अजून वेळ गेलेली नाही. कुणी गेलं नाही.

पहिल्या गुरुवारी पाच जणांची मापं झाली. दुसऱ्या गुरुवारी त्या पाचांपैकी एकही तिथे नव्हता. अंथरुणं होती. नीट घडी घालून, वर वीट ठेवलेली. तीन दगडांच्या चुलीत राख कोमट होती. माणसं तेवढी नव्हती. आम्ही उरलेल्यांतल्या चौघांना मोजलं. तिसऱ्या गुरुवारी ते चौघंही नाहीत. जे दोघं-तिघं होते ते आमच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हते. आमच्या हातातल्या पिवळ्या टेपकडे बघत होते.

परत येताना एका मुलीनं तोंड उघडलं. ती कुर्डुवाडीची, वडील रेल्वेच्या वर्कशॉपात. वर्गात प्रश्न विचारायची तिला फार खोड.

"मॅडम, आपण मोजतो ती माणसं जातात."

"भुताखेतांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर," मी म्हटलं. "मानसोपचार. चिठ्ठी देऊ?"

मुलं हसली. मीही हसले, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आठवडाभर काही ना काही कारणानं ती घडी घातलेली अंथरुणं डोळ्यांपुढे येत राहिली.

चौथ्या गुरुवारी भिंतीजवळ कुणीच नव्हतं. ऊन नुकतं भिंतीवर चढत होतं. रोज तिथे लोळणारी कुत्रीसुद्धा नव्हती. एवढ्या मोठ्या रस्त्यावर तेवढा तुकडा कुणी पुसून काढावा तसा दिसत होता. मग तिसऱ्या दाराच्या, म्हणजे विटा रचून बुजवलेल्या जुन्या फाटकाच्या खोबणीत काहीतरी हललं. माझ्या शेजारच्या मुलानं माझा दंड धरला. एरवी मी त्याला फाडून खाल्लं असतं.

खोबणीत एक म्हातारा झोपला होता. तो उठून बसला, समोर बघून म्हणाला, "भोंगा झाला," आणि चादर झटकू लागला. मी मोबाइल पाहिला. बरोबर सात वाजले होते. त्या गिरणीचा भोंगा बंद होऊन इतकी वर्षं झाली होती, की माझ्याबरोबरचं एकही पोर तेव्हा जन्मलं नव्हतं.

"तुम्हाला ऐकू आला?" मी विचारलं.

"तुमाला आला न्हाई?" त्यानं इतक्या खऱ्या आश्चर्यानं विचारलं, की मीच ओशाळले.

तो त्याच गिरणीत मागावर होता. तेलुगू घरातला. बोलणं मराठी, पण चाल तेलुगूची. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक मागानं नेलेलं. तो उभा राहिला, भिंतीला पाठ लावली आणि म्हणाला, "काढा टेप, बाई. माझं माप घ्या. मी पळत न्हाई. माप घेतल्यावर काय होतंय ते मला बगायचं हाय."

"काय होणार?"

मग त्यानं सांगितलं. चढा आवाज नाही, राग नाही. "हितं माणूस मेला की हवालदार येतोय. टेप काढतोय. डोक्यापासून पायापर्यंत मोजतोय, कागदावर लिवतोय. मग गाडी येतीय. कुणी इचारायला आलं न्हाई, की गाडी तुमच्या कालेजात. तितं पोरं कापत्यात. ह्ये सगळ्यास्नी म्हायती हाय. आन तुमी पांढरे कोट घालून आलात, टेप घेऊन. जित्या माणसाला मोजलात. समदी म्हणली, ह्ये आदीच नंबर लावून ठेवायलेत."

मुलं माझ्याकडे बघत होती आणि मी टेपकडे. इतकी वर्षं शिकवते आहे, मीही कधीकाळी त्या शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये हातात सुरी धरून उभी होते, पण टेबलावरचा माणूस तिथे येण्याआधी कुठे झोपत होता, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. बेवारस, एवढा एक शब्द सगळ्यांना पुरत होता.

गप्प बसावं ना? पण मला शिकवायची सवय. मी म्हटलं, "आजोबा, त्यात वाईट काही नाही. मी स्वतः देहदानाचा फॉर्म भरलाय. मी गेल्यावर मलाही तिथेच नेणार."

तो हसला. दात कमी होते, पण हसू छान होतं. "तुमाला इचारून नेतात, बाई. आमाला कोण इचारतंय?" मग हसणं थांबवून म्हणाला, "मला तितं नको. बाकी काय पण करा. जाळा, पुरा. पण त्या टेबलावर नको."

"नाही नेणार तुम्हाला. मी आहे ना," मी म्हटलं. चहात साखर कमी घाला म्हटल्यावर आपण 'बरं' म्हणतो, तितक्या सहज म्हटलं.

त्याची उंची पाच फूट तीन इंच भरली. मी माझ्या हातानं लिहिली. नाव मात्र त्यानं सांगितलं नाही.

त्यानंतर मी नियम बदलले. टेप बंद. नावं लिहिणं बंद. पांढरे कोट बंद. कागदावर फक्त जागा लिहायची: भिंत-एक, भिंत-दोन. म्हातारा तिसऱ्या दाराशी झोपायचा म्हणून तो भिंत-तीन. त्यानं बाकीच्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण दोन आठवड्यांत सगळी माणसं परत आली. भुतं कुठेच गेली नव्हती. दर गुरुवारी पहाटे उठून स्टेशनच्या मागे जाऊन बसायची आणि आम्ही गेलो की परतायची. मला माझ्या नियमाचा इतका अभिमान वाटला, की मी एका परिषदेत त्यावर निबंध वाचला. नाव विचारायचं नाही, म्हणजे विश्वास बसतो, असं मी तिथे ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या.

पुढच्या तासाला कुर्डुवाडीच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, पण यांच्यातलं कुणी हरवलं तर काय म्हणून शोधायचं? भिंत-तीन म्हणून?"

"तू आधी ॲनाटॉमी पास हो," मी म्हटलं, "मग पोलीस स्टेशन चालव."

वर्ग हसला. तीही हसली, कारण अशा वेळी हसावंच लागतं. आज ते हसू आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

म्हाताऱ्याची नखं कापायचं काम तिच्याकडे होतं. त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख शिंगासारखं जाड आणि वळलेलं होतं. ती थर्मासमध्ये गरम पाणी आणायची, पाय बुडवून ठेवायची आणि दर गुरुवारी थोडं थोडं कापायची. एकदा कात्री घसरली. नख तिरकं कापलं गेलं आणि कडेला एक खाच राहिली. म्हातारा म्हणाला, "अम्मा, मी मागावर असं कापड कापलं असतं तर मालकानं हाकलून दिलं असतं." तेलुगूत लेकीलाही प्रेमानं अम्मा म्हणतात, हे मला तिनंच सांगितलं. आणखी एक सांगितलं: "मॅडम, त्यांनी मला त्यांचं नाव सांगितलंय. म्हणाले, कागदावर नको, डोक्यात ठेव."

"मग डोक्यातच ठेव," मी म्हटलं. काय नाव, हे विचारलं नाही. नियम म्हणजे नियम.

मग परीक्षा आल्या. मी दुसऱ्या गावी परीक्षक म्हणून गेले, नंतर मुलांच्या सुट्ट्या आल्या. पाच आठवडे आमचा गुरुवार झाला नाही. परत गेलो तेव्हा सातला दोन मिनिटं कमी होती. सगळी माणसं झोपलेली होती आणि तिसऱ्या दाराची खोबण रिकामी होती. चादर नाही, वीट नाही, काही नाही. आम्ही उभे होतो आणि बघता बघता ती सगळी, अकराच्या अकरा माणसं, एकदम उठून बसली. कुणी कुणाला हाक मारली नव्हती. रस्त्यावर कसलाही आवाज झाला नव्हता. मी मोबाइल पाहिला. सात.

भिंत-पाचवर एक म्हातारी असायची. सांगोल्याकडची. कधीकाळी घरची मेंढरं होती, आता एक गाठोडं होतं. ती केस बांधत होती.

"सगळे एकदम कसे उठलात?" मी विचारलं.

"भोंगा झाला की," ती म्हणाली.

मी विषय बदलला. "आजोबा कुठं आहेत?"

"गेला की."

"अक्कलकोटला?" तो अधूनमधून दोन-दोन आठवडे तिकडे जाऊन राहायचा, मठात जेवायला मिळतं म्हणून.

म्हातारीनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "आसंल."

मी वहीत लिहिलं: भिंत-तीन, अक्कलकोटला. तसं मला कुणीच सांगितलं नव्हतं. ते माझंच वाक्य होतं आणि मी ते तिच्या तोंडी घातलं. त्यापुढचे दहा-बारा गुरुवार मी त्या रिकाम्या खोबणीपुढून गेले आणि दर वेळी मनाशी म्हटलं, मुक्काम लांबलेला दिसतो.

पावसाळा निम्मा झाला असेल. सकाळी अकराच्या सुमारास ती मुलगी माझ्या खोलीत आली. दार न वाजवता. अंगात ॲप्रन, हातांत रबरी मोजे तसेच, आणि तिच्याबरोबर फॉर्मॅलिनचा तो डोळ्यांत जाणारा वास. मी ओरडणार होते.

"मॅडम, ती नखं मी कापलीत," ती म्हणाली.

मला कळलं. पहिल्या क्षणीच कळलं, पण मी विचारलं, "कुणाची?" ती दाराकडे वळली. मी उठले.

डिसेक्शन हॉलमध्ये दिवसाही दिवे लागलेले असतात. टेबलांभोवती मुलं उभी होती आणि कुणीही बोलत नव्हतं. एरवी तिथे केवढा गलका असतो. कोपऱ्यातल्या टेबलापाशी तिच्या तुकडीची मुलं दोन पावलं मागे सरकून उभी होती. तोंडावर कापड होतं. छातीचा भाग दुसऱ्या तुकडीनं आधीच संपवला होता. आज पायाचं काम सुरू व्हायचं होतं आणि सुरी हिच्याच हातात दिलेली होती.

फॉर्मॅलिनमध्ये राहिलेली माणसं सगळी सारखीच दिसतात. तपकिरी, आवळलेली, कुणाचीच नसलेली. मी तेच म्हणायला तोंड उघडलं होतं. पण डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख तिरकं होतं आणि कडेला खाच होती. जशी राहिली होती अगदी तशीच. त्याच्यानंतर वाढही नाही, झीजही नाही. मी उजवा हात उलटा केला. पहिल्या बोटाला टोक नव्हतं. पायाला बांधलेल्या पट्टीवर लिहिलं होतं: अनोळखी पुरुष, उंची पाच फूट तीन इंच.

मी दिलेला आकडा आणि हवालदारानं दिलेला आकडा एकच होता. त्याला बघायचं होतं ना, माप घेतल्यावर काय होतं ते.

"मी पायाकडून आले," मुलगी म्हणत होती. "तोंडाकडून आले असते तर कळलं नसतं, मॅडम. मी कापलं असतं."

ॲनाटॉमीचे विभागप्रमुख माझे जुने सहकारी, सरळ माणूस. त्यांनी कागद काढून दाखवले. स्टेशनजवळ बेशुद्ध सापडला, आमच्याच वॉर्डात तीन दिवस होता, शुद्धीवर आला नाही. पोलिसांनी पेपरात दिलं, मुदतीत कुणी आलं नाही. सगळं रीतसर. मी बसते त्या खोलीपासून तो वॉर्ड दोन जिने खाली आहे. त्याच्याजवळ कागद नव्हता, वॉर्डात कुणी त्याला ओळखत नव्हतं आणि आमच्या वहीत तो भिंत-तीन होता. भिंत-तीन नावाचा माणूस कुठल्या वॉर्डात शोधणार?

घरी जाऊन मी रद्दीचा गठ्ठा सोडला. मिळाला तो पेपर. आवाहन: अनोळखी पुरुष, वय अंदाजे सत्तर, रंग सावळा, उंची पाच फूट तीन इंच. आणि शेवटच्या ओळीत, उजव्या तर्जनीचं टोक नाही. खाली त्याच पानावर शब्दकोडं होतं. ते माझ्या अक्षरात पूर्ण सोडवलेलं होतं. म्हणजे परगावाहून आल्यावर साठलेले पेपर चाळताना हे पान माझ्यासमोर होतं, चहाच्या कपाशेजारी, चांगलं अर्धा तास. मी जमिनीवर बसून रडले. मी रडणारी बाई नाही.

पुढचं सोपं नव्हतं, पण झालं. पोलीस स्टेशनला ओळख पटवायला त्या मुलीला नेलं. हवालदारानं विचारलं, नाव? तिनं सांगितलं. त्याचं, वडिलांचं, मग आडनाव. थांबून, नीट, एखादी जपून ठेवलेली वस्तू हातात द्यावी तसं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. कितीतरी गुरुवार तो माझ्यासमोर पाय पसरून बसला होता. त्या नावाचा शोध घेतला तर भाऊबंद कुणी उरलं नव्हतं, म्हणून ताबा माझ्या नावानं घेतला. राहिलं होतं तेवढं गोळा करून, कापडात नीट बांधून त्याला अग्नी दिला. भिंतीजवळची अकरा माणसं आली होती. ती माझ्यापासून लांब उभी राहिली, आणि त्या मुलीच्या जवळ.

पुढच्या गुरुवारी मला जायचं नव्हतं. मुलगी सहाला माझ्या दारात थर्मास घेऊन उभी, म्हणून गेले.

सातला सगळी उठून बसली. मी कान दिला. खरं सांगते, सगळं लक्ष एकवटून ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही आणि त्याचं मला वाईट वाटलं.

सांगोल्याची म्हातारी पुढं आली. "टेप आणलीय का?"

"नाही. टेप बंद केलीय."

"आना की. माज्या अंगाचं माप घ्या आन नाव लिवा. पुरं नाव लिवा." मुलीच्या पिशवीत टेप होती. म्हातारी तिसऱ्या दाराच्या विटांना पाठ लावून ताठ उभी राहिली. गाठोडं पायाशी ठेवलं. मी तिचं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, गाव लिहिलं. मापही लिहिलं. मग मी पेन थांबवलं आणि जे इतक्या वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "आजी, तुमच्या माघारी तुम्हाला कॉलेजात दिलेलं चालेल का?"

तिनं पायाशी ठेवलेलं गाठोडं उचलून काखेत घेतलं.

"न्हाय चालायचं," ती म्हणाली.

मी लिहिलं: नाही. खाली तिचा अंगठा घेतला, साक्षीला माझी आणि मुलीची सही केली.

"येवढं लिवलं की भागतं?"

"हो. मग कुणी नेत नाही."

"येवढ्यानंच?"

"एवढ्यानंच."

"मग त्याचं का न्हाय लिवलं?" तिनं विचारलं.

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मागे बाकीची माणसं रांग लावून उभी राहिली होती आणि तीही उत्तराची वाट बघत होती. मुलीनं खाली बसून थर्मासमधलं पाणी घमेल्यात ओतलं. मी वहीचं पान उलटलं आणि पुढच्या माणसाला त्याचं नाव विचारलं.